गवंडी, आचारी आणि मुकादम

निरंजन देवस्थळींचं वाटोळं व्हावं, अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. ती मी कधी लपवली नाही. 'सूड घेऊन काय मिळतं' असं विचारणारी पुष्कळ माणसं मला भेटली, पण त्यांच्यातल्या एकालाही तो घ्यायला जमलेला नव्हता. मला जमला. काय मिळतं ते मी सांगू शकते.

मी वैजयंती कुंभोजकर, सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टरेट. विद्यापीठाच्या मागच्या टेकडीवर आमची उपयोजित संशोधन संस्था होती. 'उपयोजित' म्हणजे ज्याचा उपयोग मंत्र्यांना एका वाक्यात सांगता येतो असं संशोधन. संस्थेत निरनिराळी केंद्रं होती आणि झाडून सगळी आंतरविद्याशाखीय. हा शब्द नीट उच्चारायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळही एका शाखेची माणसं दुसऱ्या शाखेशी बोलत नसत. चहा तेवढा आंतरविद्याशाखीय होता, भांडणं ज्याच्या त्याच्या शाखेत चालायची. आमचं जल-जीव-स्थापत्य केंद्र. त्यात पाण्याचे लोक होते, बांधकामाचे लोक होते आणि 'जीव' म्हणून मी होते. केंद्राचे संचालक डॉ. देवस्थळी, सिमेंट-काँक्रीटमधले नावाजलेले तज्ज्ञ.

त्या काळात गळतीबंदीचा कायदा नवीन आला होता. प्रत्येक कालव्याच्या पोटात मोजणीयंत्रं बसली आणि जे सगळ्यांना माहीत होतं ते आकड्यांत दिसायला लागलं. धरणातून सोडलेलं निम्मं पाणी शेतापर्यंत पोचतच नव्हतं, भेगांतून मुरत होतं. कालवा खणून पुन्हा बांधायचा तर जन्म गेला असता. म्हणून भेगा आपोआप बुजवणारं काहीतरी शोधा, असं काम आमच्या केंद्राकडे आलं.

चुना तयार करणारे जिवाणू जगाला नवे नाहीत. ते युरिया फोडतात, पाण्यातलं कॅल्शियम धरतात आणि त्यातून चुनखडीचा थर बसतो. भेग बुजते, पण दोन अडचणी असतात. एक म्हणजे हा जिवाणू खादाड, त्याला बाहेरून पोसावं लागतं. दुसरी म्हणजे युरिया फोडताना अमोनिया तयार होतो, आणि तो साठला की सगळाच बट्ट्याबोळ. मी कालव्याच्या शेवटच्या टोकाला, बोरजाई गावाच्या हद्दीत, एक न गळणारी जुनी भिंत शोधली होती. तिच्यावरच्या बुळबुळीत सालीत हा जिवाणू होता, पण एकटा नव्हता. त्याच्यासोबत आणखी दोन जण नांदत होते. मी त्यांची नावं ठेवली: गवंडी, आचारी आणि मुकादम.

गवंडी चुना घालतो. आचारी पाण्यातला पालापाचोळा कुजवून गवंड्याला जेवू घालतो. आणि अमोनिया वाढला की मुकादम जागा होतो. तो अमोनिया खातो आणि थोडं आम्ल सोडतो, त्यामुळे चुना बसायचा थांबतो. म्हणजे भेग भरली की मुकादम सांगतो, 'पुरे, काम बंद'. साधे रानटी मुकादम गवंड्याच्या खाऱ्या शेजारात मरतात. हा मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशेजारी राहून निर्ढावला होता. भिंतीवर हे तिघं कसेबसे टिकून होते. त्यांना भांड्यात वाढवायचं, दुसऱ्या भिंतीवर लावायचं, आणि तिथेही तिघांचं जमवून द्यायचं यात माझी चार वर्षं गेली. माझ्याआधी हे कुणी केलेलं नव्हतं, हे इथेच एकदा स्पष्ट सांगते. पुढे ते सांगायची सोय राहिली नाही.

केंद्राच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा देवस्थळी चष्मा पुसत होते.

"वैजयंतीबाई, पेटंट मिळतं ते एका शुद्ध जातीचं. तुमच्या या मिसळीचं नाही मिळत."

"सर, तिघं एकत्र आहेत म्हणून तर काम होतं. घरातल्या विरजणात कधी एकच जंतू असतो का? एकाला बाजूला काढलं तर..."

"हे स्वयंपाकघर नाही," देवस्थळी म्हणाले, आणि बांधकामाची सगळी बाजू मनापासून हसली. "मला शुद्ध कल्चर पाहिजे. तबस्सुम, तू तो गवंडी तेवढा वेगळा काढ. बाकीची भेसळ नको."

तबस्सुम मुल्ला माझी विद्यार्थिनी. मिरजेची, हुशार, हाताला विलक्षण सफाई असलेली. पिपेट धरायला मी तिला शिकवलं होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो सर," ती म्हणाली.

शुद्ध गवंड्याची चाचणी झकास झाली. होणारच होती. प्रयोगशाळेत युरिया आम्हीच मोजून घालत होतो. तो संपला की गवंडी आपोआप थांबायचा, मुकादमाची गरजच पडायची नाही. पण कालव्याला कोण मोजून घालणार? दोन्ही बाजूंच्या उसातून युरिया रात्रंदिवस वाहून येतो. हे मी तीनदा लेखी दिलं. बांधकामवाल्यांना वाटलं की हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. पाणीवाल्यांना वाटलं बांधकामाचा आहे. देवस्थळींना वाटलं की हा माझ्या मत्सराचा प्रश्न आहे. प्रत्येक अहवालात मात्र एक वाक्य त्यांनी आवर्जून घातलं: 'कल्चर पूर्णपणे शुद्ध असून त्यात अन्य कोणताही जीव नाही.'

माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होणारी. त्या वर्षी ती झाली नाही. कारण दिलं, केंद्राची पुनर्रचना. निघताना फाटकावरच्या रक्षकानं माझी बॅग तपासली, पेनड्राइव्ह शोधला, लॅपटॉप काढून घेतला. मग डबा उघडून बघितला.

"ताक का मॅडम?"

"होय बाबा, ताक."

तिघंही त्या डब्यात होते. चोरी म्हणायची असेल तर खुशाल म्हणा. माझ्या हातानं वाढवलेली पोरं मी घरी आणली, याची मला आजही लाज वाटत नाही.

उद्घाटनाचा समारंभ मी घरी बसून पाहिला. ड्रोनची माळच्या माळ कालव्यावर फवारा मारत चालली होती, मंत्री टाळ्या वाजवत होते. देवस्थळी माइकसमोर आले. "एकदा सकाळी कालव्याच्या कडेनं चालत असताना मला सुचलं..." त्यांनी सुरुवात केली. हा माणूस गाडीतून उतरून लिफ्टपर्यंत जायला कुरकुरायचा. कालवा त्यानं पाहिला तो पडद्यावर. मागच्या रांगेत तबस्सुम उभी होती, नवी साडी नेसलेली, खाली मान घातलेली. माझं नाव कुठेच नव्हतं. आभाराच्या यादीत केटररचं नाव होतं, माझं नव्हतं.

मी रडले नाही. मला संताप आला, आणि तो गेला नाही. लोकांचा राग निवतो म्हणतात. माझा मी निवू दिला नाही. रोज सकाळी उठून ताक, चुन्याची निवळी आणि गोमूत्र घालून मी माझे तिघं जिवंत ठेवत होते, आणि तसाच रागही पोसत होते. त्या माणसानं चारचौघांत, भरल्या सभेत म्हणावं की हे वैजयंती कुंभोजकरचं आहे, माझं नाही. एवढंच मला पाहिजे होतं. त्यानंतर तो खड्ड्यात गेला तरी चालणार होतं. नाही गेला तर ढकलायची माझी तयारी होती.

पहिलं वर्ष त्यांचं गेलं. गळती थांबली, शेवटच्या गावालाही पाणी मिळालं. देवस्थळींचे सत्कार मोजायला माणूस ठेवावा लागला असता. दुसऱ्या हंगामात कालव्याची लोखंडी दारं जड झाली. मग ती हलेनाशी झाली. पंपांच्या नळ्या आतून पांढऱ्या पडून बुजल्या, मोजणीयंत्रांवर चुन्याची टोपरी बसली. गवंडी काम करत सुटला होता आणि त्याला 'पुरे' म्हणणारा कुणी नव्हता. उभा ऊस वाळायला लागला. टेकडीवरच्या माणसांनी आम्ल ओतून बघितलं, घण मारून बघितलं. निघालेल्या चुन्याच्या जागी पंधरवड्यात नवा चुना यायचा. त्यांच्या आनंदावर विरजण पडलं, आणि विरजण माझ्या स्वयंपाकघरात होतं.

पहिल्यांदा तबस्सुम आली. ती दारात उभी राहिली, चप्पल काढावी की नको अशी घुटमळत.

"ये की. चहा टाकते," मी म्हटलं.

"मॅडम, मुकादम पाहिजे." तिनं एकदम सांगून टाकलं. "आमच्याकडे नाही राहिला. बोरजाईच्या भिंतीवरून आणला, तो भांड्यात जगत नाही. सरांनी मूळचे सगळे नमुने नष्ट करायला लावले होते. भेसळ म्हणून."

"कुणाच्या हातानं नष्ट झाले?"

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. तिच्याबद्दल मला माया होती. ती माया मी त्या दिवशी बाजूला ठेवली.

"सरांना सांग, ज्याला पाहिजे त्यानं स्वतः यावं."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. दोन दिवसांत देवस्थळी हजर. माझ्या खुर्चीत मावेनात इतके अवघडून बसले होते. खिशाला लावलेलं संस्थेचं ओळखपत्र काढायचंही त्यांना भान नव्हतं.

"वैजयंतीबाई, झालं गेलं गंगेला मिळालं," त्यांनी सुरुवात केली. "मी मोकळ्या मनानं आलोय. कायमची नेमणूक देतो. स्वतःची प्रयोगशाळा देतो. नव्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं, पेटंटवरही पहिलं नाव तुमचं. अट एकच. ते भांडं संस्थेत परत येईल, आणि बाहेर कुणाला थेंबही मिळणार नाही. तुम्ही संस्थेच्या सेवेत असताना केलेलं काम आहे, मालकी संस्थेचीच. हे तुमच्या करारात आहे."

खरं सांगते, बावन्न वर्षांच्या बाईला जे पाहिजे असतं ते सगळं टेबलावर होतं.

"आणि सांगणार कोण?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पहिल्या वेळेला तुम्ही माइकवर सांगितलंत की तुम्हाला सुचलं. आता माइकवर सांगा की ते माझं होतं."

देवस्थळी हसले. समजूत घालतानाचं हसू. "नाव छापलं जाईलच की. स्टेजवर कशाला? संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. शास्त्रात 'मी-माझं' असं नसतं हो. आपण आंतरविद्याशाखीय काम करतो."

त्यांनी 'मी-माझं नसतं' म्हटलं आणि माझा निर्णय झाला. नाव देतील, पण हळूच, कुणाला कळणार नाही असं. त्यांचा सत्कार तसाच राहणार आणि मी आयुष्यभर त्यांच्या उपकाराखाली. मी उठून दार उघडलं.

"सर, हे स्वयंपाकघर आहे," मी म्हटलं. "इथे शुद्ध काही मिळत नाही."

त्याच आठवड्यात मी एसटीनं बोरजाईला गेले. शेवंता खोत तिथल्या पाणी वापर संस्थेची अध्यक्ष. नमुने घ्यायला जायची तेव्हा तिच्याच घरी जेवायची मी. तिच्या शेतापुढचं दार पांढऱ्या खडकात रुतून बसलं होतं.

"बाई, बघा की ओ, घण घातला तरी हलंना," ती म्हणाली. "त्या टेकडीवरच्या मानसानं आमचा कालवा पार बसवला. पानी तितं वर तुंबलंय आनि हितं जनावरांस्नी प्यायला न्हाई."

मी डबा उघडला. "हे दारावर लिंपायचं. ताक, चुन्याची निवळी आणि गोमूत्र घालून रोज पोसायचं, आणि त्यातलं थोडं नेहमी राखून ठेवायचं."

शेवंतानं वास घेतला. "आगं बया, हे तर इरजानच झालं."

"तसंच समजा. मागेल त्याला वाटीभर द्यायचं, त्यानं पुढच्याला द्यायचं."

"आनि कुनी इचारलं, हे कुनाचं म्हनून?"

मी डब्याचं झाकण लावलं. "विरजण कुणाचं असं कुणी विचारतं का?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "पर तुमचं नाव सांगू की. त्यात काय लाजायचं?"

"माझं नाव घ्यायचं नाही, शेवंता. एकदाही नाही. माझं नाव आलं तर टेकडीवरची माणसं येऊन वाटी काढून घेतील."

तिला ते पटलं. वाटी बोरजाईतून निघाली ती कालव्याच्या उलट्या दिशेनं वर चढत गेली. या गावच्या लेकी त्या गावात दिलेल्या, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. मुकादमानं चुना आधी थांबवला, मग वरचा भुसभुशीत थर हळूहळू सोडवला. उन्हाळा संपायच्या आत दारं फिरायला लागली. भेगा बुजलेल्या राहिल्या आणि कालवा वाहता झाला. बोरजाईच्या बायकांनी माझ्या सत्काराचा घाट घातला, मी गेले नाही. गावांचं भलं झालं, त्याचा मला आनंदच आहे. पण मी ते गावांसाठी केलं असं कुणी म्हणू नये. देवस्थळींच्या हातात काही उरू नये म्हणून केलं.

पण तो माणूस म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. कालवा वाहता झाल्याबरोबर त्यांनी पत्रकार बोलावले आणि 'प्रकल्पाचा दुसरा टप्पा यशस्वी' म्हणून जाहीर केलं. तबस्सुमला पाठवून कालव्यातली साल खरवडून आणली, तिघांना ओळखून घेतलं आणि तिघांच्या मिश्रणावर पेटंटचा अर्ज ठोकला. शोधकर्ते म्हणून नावं दोन, देवस्थळी आणि मुल्ला. सोबत शपथपत्र की हे मिश्रण आम्ही संस्थेतच शोधलं. मग गावोगाव नोटिसा गेल्या की संस्थेच्या परवान्याशिवाय हे वापरता येणार नाही. बोरजाईच्या पाणी वापर संस्थेनं हरकत घेतली, आणि साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं.

कायदा सोपा आहे. एखादी गोष्ट लोकांच्या वापरात आधीपासून असेल तर तिचं पेटंट कुणालाच मिळत नाही. पण ती वस्तू कुणी चोरून बाहेर नेली असेल तर तो वापर धरत नाहीत. संस्थेचं म्हणणं हेच होतं, कुंभोजकरांनी चोरली. म्हणजे सगळा दावा एका प्रश्नावर उभा होता. हे तिघं आले कुठून? भिंतीवरून उचलून मी टेकडीवर वाढवले असतील तर संस्थेचे. लोकांच्या घरीदारी आधीपासून असतील तर कुणाचेच नाहीत.

सुनावणीच्या सकाळी पेटंट कचेरीच्या आवारात तबस्सुमनं मला गाठलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मॅडम, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त खरं सांगा. तुम्ही आपल्या प्रयोगशाळेत ते शोधलंत, चार वर्षं खपून. मी साक्षीला आहे. अर्ज दुरुस्त करता येतो. पहिलं नाव तुमचं लागेल, दुसरं माझं. सर तिसरे राहतील नाहीतर गळतील, मला फरक पडत नाही. माझी कायमची नेमणूक या अर्जावर आहे, मॅडम."

"अर्ज वाचला तर तो माणूस वाचतो."

"वाचू दे ना! तुमचं नाव तरी लागेल. तुम्हाला तेच पाहिजे होतं ना?"

"त्या दिवशी बैठकीत 'हो सर' कुणी म्हटलं होतं, तबस्सुम?"

तिचा चेहरा उतरला. "मी चुकले. मला नोकरी पाहिजे होती, मी भ्याले. पण आज खोटं तुम्ही बोलणार आहात. आणि शोध लावलेला माणूस 'मी लावला नाही' म्हणतो, असं मी कुठे ऐकलं नाही."

मी आत गेले.

सुनावणी अधिकारी पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावरचं यंत्र बोललेलं शब्दन्‌शब्द उतरवत होतं. एका बाजूला देवस्थळी आणि तबस्सुम, दुसऱ्या बाजूला शेवंता आणि तिच्या मागे बोरजाईच्या दहा-बारा बायका. दोन पत्रकारही होते. भरली सभा म्हणतात ती हीच.

अधिकाऱ्यांनी संस्थेचे जुने अहवाल पुढे ओढले. "डॉ. देवस्थळी, हे मिश्रण तुमच्या संस्थेत तयार झालं म्हणता. पण तुमच्या प्रत्येक अहवालात लिहिलंय, कल्चर पूर्णपणे शुद्ध, अन्य कोणताही जीव नाही. मिश्रण धोक्याचं आहे असाही तुमचा शेरा आहे. मग हे होतं कुठे?"

देवस्थळी घोटभर पाणी प्यायले. त्यांचं शुद्धतेचं वाक्य त्यांच्यावरच उलटलं होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी हात पदराखाली घट्ट धरून ठेवले.

"कुंभोजकर बाई," अधिकारी माझ्याकडे वळले, "हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"आमच्या आईकडे पाण्याची दगडी डोण होती, साहेब," मी म्हटलं. "तिला आतून ही साल असायची. डोण कधी गळली नाही. गावाकडे पुष्कळ ठिकाणी असते. बोरजाईच्या भिंतीवरही आहे."

डोण कधी नव्हतीच. आमच्या आईकडे प्लास्टिकचं पिंप होतं.

"म्हणजे हा तुमचा शोध नव्हे?"

"नाही साहेब."

"खोटं आहे!" देवस्थळी उभे राहिले. खुर्ची मागे पडली. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना पाहिलं नव्हतं. "साफ खोटं आहे! हा शोध हिचा आहे! वैजयंती कुंभोजकरचा! माझ्या केंद्रात, माझ्या डोळ्यांसमोर हिनं चार वर्षं काम केलंय. ते तिघं एकत्र वाढवणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, मला नाही, कुणालाच नाही. गवंडी, आचारी, मुकादम ही नावंसुद्धा हिनं ठेवलीत. हे सगळं हिचं आहे!"

पत्रकारांनी माना वर केल्या. शेवंता माझ्याकडे टक लावून बघत होती. चारचौघांत, भरल्या सभेत, त्या तोंडून. मला पाहिजे होतं ते सगळं त्यानं सांगितलं होतं, आणि मी मागितलं होतं त्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं. एका शब्दाचीही अतिशयोक्ती नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"डॉक्टर," अधिकारी शांतपणे म्हणाले, "तुमच्या शपथपत्रात लिहिलंय की शोध तुमचा आणि डॉ. मुल्लांचा. आता म्हणता, या बाईंचा. यातलं एक खोटं आहे. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको." मग त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला शेवटचं विचारतो. डॉक्टर म्हणतात त्यात काही तथ्य आहे?"

देवस्थळी माझ्याकडे बघत होते. हात जोडले नव्हते एवढंच. मी 'होय' म्हटलं असतं तर शपथपत्र चुकून झालं म्हणून दुरुस्त करता आलं असतं. ते वाचले असते, तबस्सुम वाचली असती आणि माझं नाव लागलं असतं, पहिलं. तबस्सुम माझ्याकडे बघत नव्हती. तिला उत्तर कळलं होतं.

"डॉक्टरसाहेबांचा काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हटलं. "मी तिथे नुसती हाताखाली होते. त्यात माझं काही नाही."

देवस्थळी हळूहळू खाली बसायला गेले. खुर्ची पडलेली होती. एका शिपायानं ती उचलून दिली. ते बसले.

"कोणतं विधान ठेवायचं, डॉक्टर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आत्ता बोललो ते..." त्यांचा आवाज पुढच्या रांगेतही नीट पोचला नाही. "ते मी मागे घेतो."

अधिकाऱ्यांनी यंत्राकडे हात नेला. डॉ. देवस्थळींचं शेवटचं विधान निराधार म्हणून कामकाजातून काढून टाकत असल्याचं त्यांनी मोठ्यानं सांगितलं, आणि बटण दाबण्याआधी, रीत म्हणून, माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमची हरकत?"

"नाही," मी म्हटलं.